शुक्रवारची दिवेलागण

ग्लासगोच्या सूर्यावर विष्णू आठल्येचा भारी राग. राग म्हणजे घरच्या माणसावर असतो तसला. "या बाबाला येण्याजाण्याचा काही धरबंधच नाही," असं तो उठताबसता म्हणायचा. डिसेंबरात हे महाशय सकाळचा नाश्ता होऊन गेला तरी उगवायचं नाव घ्यायचे नाहीत, आणि दुपारच्या चहाचं आधण ठेवावं तर निघालेले. जूनमध्ये सगळंच उलटं. एकदा आले की उठता उठायचे नाहीत. जेवणं व्हायची, भांडी घासून व्हायची, बातम्या संपायच्या, तरी हे आपले समोरच्या घरांच्या धुराड्यांवर बसलेलेच. विष्णूनं आयुष्यभर इथल्या पाणीखात्याच्या लॅबमध्ये पाणी तपासलं आणि आयुष्यभर सूर्याला नावं ठेवली. त्यातलं पाणी तपासणं रिटायर झाल्यावर सुटलं.

आता तुम्ही म्हणाल, रिटायर झालेल्या माणसाला सूर्य कधी मावळतो याच्याशी काय देणंघेणं? तर होतं देणंघेणं, आणि त्याचं नाव होतं इलियास नागावकर.

इलियास म्हणजे बेने इस्राएली, आपल्याकडचा मराठी ज्यू. जन्म ठाण्याचा, आडनाव अलिबागकडच्या गावाचं, आणि मराठी अशी की फोनवर ऐकलं तर कुणी धर्म विचारायच्या भानगडीत पडणार नाही. ग्लासगोतल्या शॉलंड्स भागात त्याचं चष्म्याचं दुकान होतं. विष्णूचा पहिला चष्मा त्यानंच केला आणि "नाक जरा मोठं आहे तुझं, फ्रेम टिकेल," असं म्हणून जन्माची दोस्ती करून टाकली. बायको जेमिमा होती तोवर इलियास देवाधर्माच्या बाबतीत सैलच. सगळं तीच बघायची. ती गेली आणि हा गृहस्थ एकदम कडक झाला. "तिचं राहिलेलं मी पुरं करतोय," म्हणायचा. 

ज्यू लोकांचा शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळताना सुरू होतो आणि शनिवारी चांदण्या दिसल्या की संपतो. तेवढ्या वेळात काम बंद. दिव्याचं बटण दाबायचं नाही, शेगडी पेटवायची नाही, हीटिंगला हात लावायचा नाही. बरं, दुसऱ्या कुणाला "जरा दिवा लाव रे" असंही म्हणायचं नाही. सांगायचं नाही, फार तर सुचवायचं. आणि हे सुचवलेलं ओळखायचं काम, दर शुक्रवारी, सूर्य गेल्यावर, विष्णू आठल्येचं.

"आज हवेत गारवा आहे नाही?" म्हणजे हीटिंग चालू कर. "डोळे हल्ली दगा देतात बघ," म्हणजे पुढच्या खोलीतला दिवा लाव. "तुला चहा घ्यावासा वाटत असेल," म्हणजे मला घ्यावासा वाटतोय. मग विष्णूनं स्वतःपुरता म्हणून चहा टाकायचा आणि तो चुकून दोन कप व्हायचा. शास्त्रात हे कितपत बसतं ते इलियासला ठाऊक. पहिल्या पहिल्यांदा गोंधळ व्हायचे. एकदा इलियास म्हणाला, "काय वास सुटलाय!" तो बिचारा स्वतःच्या मासळीच्या कालवणाचं कौतुक करत होता, आणि विष्णूनं उठून भर थंडीत खिडक्या उघडल्या. पण पुढे विष्णू यात इतका तयार झाला की इलियासनं साधं "आज पाऊस आहे" म्हटलं तरी हा दिव्यांची बटणं शोधायला लागायचा.

हे सगळं सुरू झालं त्याला तीन वर्षं झाली होती. त्या साली ऑक्टोबरात विष्णूची बायको मंजिरी गेली. मुलगा कुश बर्मिंगहॅमहून आला, पंधरा दिवस राहिला, आणि नोकरीवर परत गेला. इलियास मधूनमधून डबा आणून द्यायचा, नारळाच्या दुधातलं कालवण आणि भात. डिसेंबरातल्या एका शुक्रवारी विष्णू ते साठलेले डबे परत द्यायला गेला. दुपारचे चार वाजले होते आणि बाहेर मिट्ट काळोख. दार नुसतं लोटलेलं. आत दिवा नाही, हीटिंग नाही, आणि इलियास कोट घालून कोचावर बसलेला. दुपारी त्याचा डोळा लागला होता. जाग आली तर सूर्य गेलेला आणि शब्बाथ सुरू झालेला.

"अरे मग मला फोन नाही का करायचास?" विष्णू ओरडला.

"फोन तरी कसा करणार?" इलियास म्हणाला.

विष्णूनं कपाळाला हात लावला. घरभर फिरून दिवे लावले, हीटिंग चालू केलं, चहा केला. "तुला तुझ्या भरवशावर ठेवलं तर एक दिवस गोठून जाशील," तो म्हणाला. "पुढच्या शुक्रवारपासून मी येत जाईन. उपकार म्हणून नाही. मला डबे परत करायचेच असतात."

तेव्हापासून विष्णूचा शुक्रवार सूर्याला बांधला गेला. हिवाळ्यात दुपारी साडेतीनलाच बूट चढवायचे. मार्च आला की वेळ पुढे सरकायला लागायची, दर शुक्रवारी थोडी थोडी, आणि विष्णूची चिडचिडही तेवढीच पुढे सरकायची. मेमध्ये जेवून जायचं की जाऊन जेवायचं असा प्रश्न पडायचा. जूनमध्ये तर सूर्य दहाच्या आसपास जायचा. विष्णूची अलॉटमेंट होती, म्हणजे कौन्सिलकडून भाड्यानं घेतलेला जमिनीचा तुकडा. तिथे तो मेथी, मुळा, लसूण असं लावायचा. तिथून संध्याकाळी थेट इलियासकडे यायचा, चिखलाचे बूट दाराबाहेर काढायचा, आणि दोघं मागच्या हिरवळीवरच्या बाकावर सूर्य जायची वाट बघत बसायचे. आत टेबलावर शब्बाथ सुरू झाल्यावरच उघडायचं कालवण झाकलेलं, प्रार्थनेचं मनुकांचं सरबत गाळून ठेवलेलं, आणि विष्णूच्या पोटात कावळे.

"काय रे, तुमच्या देवानं हे नियम केले तेव्हा ग्लासगो बघितलं होतं का?"

"वाळवंटातला देव आमचा," इलियास म्हणायचा. "त्याला काय कल्पना, पुढे नागावकर इतक्या वर जाऊन राहतील."

अशाच एका जूनच्या शुक्रवारी, सूर्य अजून चांगला हातभर वर असताना, इलियास म्हणाला, "शिराचा फोन आला होता."

शिरा म्हणजे इलियासची एकुलती एक मुलगी. ग्लासगोतच जन्मलेली, म्हणून मराठी जरा मोडकी, लग्न होऊन लंडनला गेलेली. एजवेअरमध्ये राहायची.

"त्यांच्या खालच्या मजल्यावरचा फ्लॅट रिकामा होतोय," इलियास म्हणाला. "म्हणते, इथलं घर विका आणि या. प्रार्थनेला सिनेगॉग पाच मिनिटांवर. आपल्या पद्धतीचं सगळं सामान कोपऱ्यावर मिळतं. मुंबईची आपली चार माणसंही आहेत तिकडे. आणि टोबी आहे." टोबी म्हणजे नातू, सहा वर्षांचा. "वर म्हणते, पप्पा, लंडनचा सूर्य जरा तरी माणसात आहे."

 अख्ख्या ग्लासगोत त्याच्याशी अरेतुरे करणारा हा एकच माणूस उरला होता. याच्याशी भांडायचं नाही तर कुणाशी भांडायचं? बाकीच्यांशी तो फक्त हवेबद्दल बोलायचा, तेही इंग्रजीतून.

"तुला काय वाटतं?" इलियासनं विचारलं.

आता खरं ते बोलायची वेळ होती. पण विष्णू आठल्ये म्हणजे मुलखाचा मानी. मनातलं बोलायचं म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. आणि पोरीकडे निघालेल्या बापाला "थांब" कुठल्या तोंडानं म्हणायचं?

"मला काय वाटायचंय?" तो म्हणाला. "पोटची पोर बोलावतेय आणि विचारतोस कसला? जा की. माझेही शुक्रवार मोकळे होतील."

 इलियास सूर्याकडे बघत राहिला. सूर्य गेल्यावर दोघं आत आले, आणि इलियासनं सुचवायच्या आधीच विष्णूनं दिवा लावला.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. ग्लासगोचा दिवस एकदा उतरायला लागला की धडाधड उतरतो. सप्टेंबरात विष्णू अलॉटमेंटवरून घरी येऊन हातपाय धुऊन जायला लागला, ऑक्टोबरात मुळा उपटून संपला आणि तो सरळ घरूनच जायला लागला. हिवाळ्यासाठी देशभर घड्याळं मागे गेली त्या आठवड्यात तर दिवसानं एकदम तासाभराची उडी मारली. विष्णूला दर वर्षी या दिवसांत छातीवर ओझं ठेवल्यासारखं व्हायचं, पण बोलायचा कुणाकडे? शुक्रवारी मात्र तो उठायचा, आंघोळ करायचा, खिडकीतून पाचपाचदा आभाळ बघायचा आणि सूर्याला शिव्या घालत बाहेर पडायचा.

एजवेअरचा विषय कुणी काढत नव्हतं. नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी इलियास कोचावर बसून घरभर नजर फिरवत म्हणाला, "हे घर फार मोठं वाटायला लागलंय रे."

विष्णू सवयीप्रमाणे विचार करायला लागला. मोठं वाटतंय, म्हणजे काय? म्हणजे गरम होत नसणार. तो उठला आणि वापरात नसलेल्या दोन खोल्यांचे रेडिएटर बंद करून, दारं ओढून घेऊन आला.

"आता बरं वाटेल," तो म्हणाला.

इलियास त्याच्याकडे बघतच राहिला. मग हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाला, "शिराला हो म्हटलंय मी. डिसेंबरात येतेय ती. घराचं पुढचं तीच बघेल."

"छान," विष्णू म्हणाला. घरी जाईपर्यंत त्यानं धीर धरला.

त्यानंतर त्यानं किती वेळा ठरवलं म्हणून सांगू. दाढी करताना आरशात बघून बोलून बघितलं. "इलियास, तू जाऊ नयेस असं मला वाटतं." ऐकायला सरकारी वाटलं. "अरे, कशाला जातोस?" हे भिकाऱ्यासारखं वाटलं. शुक्रवार यायचा, तो जायचा, दिवा लावायचा, दोन कप चहा करायचा आणि हवेबद्दल बोलून परत यायचा. इलियाससमोरही तो आता हवेबद्दलच बोलायला लागला होता.

आणि तो डिसेंबरातला शुक्रवार आला. सकाळपासून वारं नुसतं उठलेलं. साडेतीन वाजून गेले, आभाळातला होता नव्हता तो उजेड गेला, आणि विष्णू नेहमीप्रमाणे इलियासच्या गल्लीत वळला. बघतो तर काय, घरातले सगळे दिवे लागलेले! पुढची खोली, स्वयंपाकघर, जिना. त्याला एकदम आपण चुकीच्या घरी आल्यासारखं वाटलं.

दार शिरानं उघडलं. "विष्णूअंकल! या ना, या. काय थंडी आहे! माझा ट्रेन इतका लेट झाला. लाइनवर झाड पडली होती. टॅक्सीतून पळत आले आणि जेमतेम कँडल लावल्या. पप्पा सिनेगॉगला गेलेत, येतीलच."

आत छान ऊब होती. टेबलावर दोन मेणबत्त्या जळत होत्या. विष्णू खोलीच्या मधोमध उभा राहिला, कोट अंगातच. करायला काहीच नव्हतं.

"दिवे लावायला आलो होतो," तो म्हणाला. "तू लावलेस वाटतं आधीच."

"लाइट लावायला?" शिरा म्हणाली. "म्हणजे?"

"म्हणजे काय? सूर्य गेल्यावर तुझा बाप हात लावत नाही ना कशाला. दर शुक्रवारी मी येतो."

"दर शुक्रवारी?" शिराच्या कपाळावर आठ्या पडल्या. "पण का? पप्पाकडे टायमर आहेत ना! आपोआप लाइट लागते, आपोआप बंद होते. हीटिंगचा पण. मीच पाठवले होते. थ्री इयर्स झाली. मला म्हणाले, एकदम फर्स्ट क्लास चालतात."

"टायमर?"

"कपाटात असतील, हॉलमधल्या. मी शब्बाथला हात नाही लावू शकत. तुम्ही बघा ना."

विष्णूनं कपाट उघडलं. वरच्या फळीवर, जेमिमाच्या जुन्या टोप्यांच्या मागे, चार खोकी होती. वरची चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती.

"आणि उन्हाळ्यात?" विष्णूनं विचारलं.  "उन्हाळ्यात दहा दहा वाजेपर्यंत उपाशी बसतो आम्ही, सूर्य जाईपर्यंत."

"टेन ओक्लॉक?" शिरा हसायलाच लागली. "कोणी नाही थांबत, अंकल! समरमध्ये शब्बाथ लवकर घेता येते. ममी तर साडेसातलाच घ्यायची. सूर्य वर असला तरी चालतो. मी लहान होते तेव्हा आम्ही उजेडातच जेवायचो."

विष्णूनं खोकी जिथल्या तिथे ठेवली. कपाट लावलं. आणि मग त्याच्या रागाचा पारा जो चढला तो चढला.

"म्हणजे मला नाचवलं!" तो म्हणाला. "तीन वर्षं! बर्फात, पावसात, पोटात भुकेचा डोंब उसळलेला असताना! मी आपला मूर्खासारखा 'गारवा आहे' म्हटलं की पळतोय, 'डोळे दुखतात' म्हटलं की पळतोय! आणि हा बसलाय आतल्या आत हसत!"

"अंकल, तसं नसेल..."

"सांग तुझ्या बापाला. म्हणावं, विष्णू आला होता आणि गेला. आता मोकळा आहेस म्हणावं."

आणि तो तरातरा बाहेर पडला.

साडेचार वाजत आले होते आणि रात्रीसारखा काळोख. शाळेतून उशिरा सुटलेली पोरं चमकते पट्टे लावलेली जाकिटं घालून घरी चालली होती. विष्णू त्यांच्यातून वाट काढत, तोंडानं पुटपुटत घरी आला. कुलूप काढलं, आत आला आणि अंधारातच खुर्चीवर बसला. दिवा लावायचं त्याच्या लक्षातही आलं नाही. नुसता तो धुमसत बसला. थट्टा झाली, थट्टा झाली, हेच डोक्यात.

पण राग किती वेळ पुरणार? थोडा निवल्यावर त्याच्या मनात आलं, थट्टा करायची तर माणूस एकदा करतो, दोनदा करतो. तीन वर्षं कोण थट्टा करतं? आणि स्वतः उपाशी बसून? दहा वाजेपर्यंत भूक काय एकट्या विष्णूलाच लागत होती? दिव्यांसाठी इलियासला विष्णू लागत नव्हता. तरी तो दर शुक्रवारी दार लोटून ठेवायचा. म्हणजे त्याला विष्णूच हवा होता. आणि आपण काय म्हणालो त्याला? माझेही शुक्रवार मोकळे होतील.

"अरे देवा," विष्णू मोठ्यांदा म्हणाला आणि उठला. टोपी विसरून तसाच परत निघाला.

इलियास सिनेगॉगहून आला होता. टेबलापाशी उभा होता, हातात सरबताचा पेला. शिरा त्याच्या शेजारी होती आणि दोघांचेही चेहरे उतरलेले. विष्णू दारातच थांबला.

"ये," इलियास म्हणाला. "बस."

"बसत नाही. आधी ऐक." विष्णूला धाप लागली होती. "तुला दिवे लावायला माझी गरज नव्हती."

"नव्हती."

"मला आधी सांगितलं असतंस, टायमर आहेत म्हणून, तर?"

"तर तू आला असतास?" इलियासनं विचारलं. "नुसता, काही काम नसताना?"

खरंच, विष्णू नसता आला. न बोलावता कुणाकडे जाणाऱ्यातला तो नव्हता, आणि बोलावलं असतं तर "बघू" म्हणाला असता.

"बरं, ते राहू दे," तो म्हणाला. "जूनमध्ये मी म्हणालो ना, जा की म्हणून? ते साफ खोटं होतं. तू जाऊ नकोस. मी सुचवत नाहीये, इलियास. सरळ सांगतोय. तू गेलास तर मला इथे कुणी नाही. तुझी काळजी वाटते म्हणून नाही सांगत, माझ्यासाठी सांगतोय. थांब."

इतकं बोलून त्याला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण बोललेलं बोलून झालं होतं.

पहिली रडायला लागली ती शिरा. "पण मला पण पाहिजेत ना ते!" ती म्हणाली. "ममी गेली तेव्हा मी इथे नव्हते. तिच्या लास्ट वीकलासुद्धा नव्हते. आता पप्पाला पण असंच फोनवर ठेवू? टोबीला ग्रँडपा म्हणजे स्क्रीनच वाटते, अंकल. स्क्रीनला किस करतो तो."

 तिचंही खरंच होतं. तीन माणसं आणि दोन मेणबत्त्या.

इलियासनं पेला खाली ठेवला. "घर विकायचं, पैशांचं, असलं शब्बाथला बोलू नये," तो म्हणाला. "माणसांचं बोलायला हरकत नाही. मी जूनपासून वाट बघत होतो, कुणीतरी थांब म्हणेल म्हणून. याला घराच्या आकाराबद्दल बोललो तर हा जाऊन रेडिएटर बंद करून आला. मला वाटलं, बरा झाला हा. आता याला आपली गरज नाही. म्हणून तुला हो म्हटलं, शिरा. आता ऐका दोघंही. मे ते ऑगस्ट मी एजवेअरला. टोबीला सुट्टी असते, त्याला पोहायला शिकवीन. सप्टेंबरपासून पुढे इथे. सणाला तू टोबीला घेऊन यायचंस."

शिरानं डोळे पुसले आणि बापाकडे बघितलं. "पप्पा, हे उलटं आहे! सगळे विंटरला साउथला जातात आणि समरला इथे येतात. तुम्ही चांगला वेदर सोडून या डार्कमध्ये राहणार? तीन वाजता रात्र होते इथे! का?"

इलियास बोलला तो शिराशीच. विष्णूकडे त्यानं बघितलं नाही.

"तुझे टायमर आले ते बुधवारी पोस्टानं आले," तो म्हणाला. "त्याच्या आधीच्या शुक्रवारी हा मला दिवे लावून देऊन गेला होता, पुन्हा येतो म्हणाला होता. मी म्हटलं, कशाला त्याला त्रास, शुक्रवारी सकाळी टायमर लावून टाकू. पण अगं, मंजिरी गेल्यापासून मी याला बघत होतो. डबा द्यायला जायचो तर दुपारी पडदे ओढलेले. अंगात तोच स्वेटर. दाढीचे खुंट वाढलेले. दिवस उगवला कधी, मावळला कधी, याला पत्ता नाही. मी बोलावलं तर येत नव्हता. त्या शुक्रवारी मी टायमर घेऊन खाली वाकलो होतो, प्लगमध्ये घालायला, आणि खिडकीतून हा येताना दिसला. सूर्य जायला अजून तास होता, तरी आला. दाढी केलेली. इस्त्रीचा शर्ट. दारातूनच ओरडला, 'अरे, तो मेला सूर्य निघाला की!' दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यानं आभाळाकडे बघितलं होतं. मी खोकी उचलली आणि कपाटात टाकली."

मग तो म्हणाला, "उन्हाळ्यात याला मेथी आहे, मुळा आहे. हिवाळ्यात मी लागतो."

तीन वर्षं विष्णू सगळ्यांना सांगत होता, इलियासला मी सांभाळतो, कुशलासुद्धा दर रविवारी फोनवर सांगत होता. तो दाराच्या चौकटीला धरून उभ्या उभ्याच रडायला लागला. मंजिरी गेली तेव्हा रडायचं राहून गेलं होतं, तेही त्यात रडून घेतलं. इलियास त्याच्याजवळ गेला नाही. त्यानं फक्त आपल्या शेजारची खुर्ची पायानं मागे सरकवली.

शिरानं आणखी एक ताट घेतलं, कालवणावरचं झाकण काढलं आणि विष्णूच्या कोपराला धरून त्याला टेबलाशी आणलं.

"बसा ना, अंकल," ती म्हणाली. "भात थंड झाली."

"झाला," विष्णू हुंदक्यातूनच म्हणाला आणि बसला. "भात थंड झाला."